लग्न आणि ऑपरेशनच्या मधली वर्षं

आमच्या चिकलठाण्यात कुटुंब नियोजन म्हणजे ऑपरेशन. एखाद्या बाईला विचारलं, "काही वापरता का?" तर ती म्हणते, "अजून नाही ताई, एक पोरगं झालं की करून टाकणार." करून टाकणार म्हणजे ऑपरेशन. लग्नापासून त्या ऑपरेशनपर्यंत चार-सहा वर्षं जातात. तेवढ्या काळातही काही वापरता येतं, दोन लेकरांत अंतर ठेवता येतं, हे घरात कोणाच्या डोक्यातच येत नाही. मी इथे आशा कार्यकर्ती म्हणून काम करते. गरोदर बाया, बाळंतिणी, लसीकरण, टीबीच्या गोळ्या, एकामागून एक येणारी सर्वेक्षणं, सगळं माझ्याकडे आहे. पण जीव सगळ्यात जास्त अडकतो तो याच मधल्या वर्षांत, कारण बाईचं अंग याच वर्षांत मोडतं.

2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याची नसबंदी झालेली घरं 0.3 टक्के. तांबी 2.1 टक्के, गोळ्या 5.1 टक्के. महाराष्ट्रात तर ऑपरेशन झालेल्या बायका निम्म्याच्या जवळपास आहेत. प्रशिक्षणात हे आकडे ऐकले तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. माझ्या वहीची पानं उलटली तरी हेच दिसतं.

बाहेरच्या माणसाला चिकलठाणा म्हणजे विमानतळ आणि एमआयडीसी. मला दिसतं ते जुनं गावठाण आणि त्याच्या भोवतीने उठलेल्या भाड्याच्या खोल्या. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून आलेली जोडपी या खोल्यांत राहतात. नवरा कंपनीत ठेकेदाराकडे, पाळ्या बदलत्या. बायकोही पॅकिंगला जाते, नाहीतर घरी लेकरू सांभाळते. खोली एकच. तिच्यातच सासू, शिकायला आलेला दीर, कोपऱ्यात गॅस, वर दोरीवर कपडे. जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे मिनी घाटी म्हणतात, ते आमच्याच चिकलठाण्यात आहे. महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत. निरोध आणि माला-एन, छाया या गोळ्या माझ्या पिशवीत असतात आणि फुकट असतात. म्हणून कोणी म्हणालं की गरीब भागात साधनं पोचत नाहीत, तर मला थांबून सांगावंसं वाटतं की आमच्याकडे साधनं दारापर्यंत आलेली आहेत. दाराच्या आत मात्र सासू बसलेली असते.

मी खोलीत गेले की सासूबाई आधी पुढे येतात. मग मी लेकराचं वजन विचारते, लसीचं कार्ड बघते. सुनेकडे नुसतं बघते. मला काय विचारायचंय हे तिला कळतं आणि ती मान खाली घालते. खरं बोलणं होतं ते टँकर आल्यावर रांगेत, नाहीतर लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या मागच्या बाजूला. तिथेही दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात तांबीचे फायदे सांगायचे, इंजेक्शनचे त्रास सांगायचे, तिला काय हवं ते विचारायचं. पुस्तकात समुपदेशनाच्या पायऱ्या छान लिहिलेल्या आहेत. रांगेत हंडा पुढे सरकवता सरकवता त्या पायऱ्या चढायच्या कशा, ते कोणी शिकवलेलं नाही.

एका मुलीची गोष्ट सांगते. वीस वर्षांची, पहिलं लेकरू आठ महिन्यांचं, अंगावर पिणारं. तिला मळमळत होतं, सासूला वाटलं पित्त आहे. मी दिवस गेलेत का ते तपासायचं निश्चय किट दिलं. ती आत जाऊन आली, पट्टी माझ्या हातात दिली. दोन रेघा. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, पाळी तर आलीच नव्हती. मंग दिवस कसे गेले?" आमच्याकडे घरोघर हाच समज आहे की लेकरू अंगावर पितंय आणि पाळी आलेली नाही तोवर काही धोका नाही. हा समज अर्धा खरा आहे. पहिले सहा महिने, लेकराला आईच्या दुधाशिवाय वरचं काहीही देत नसतील, पाणीसुद्धा, आणि पाळी आलेली नसेल, तोवर दिवस जाण्याची शक्यता फार कमी असते. सहा महिने झाले, वरणाचं पाणी, बिस्किट सुरू झालं की तो भरवसा संपतो. आणि पाळी यायच्या आधी बीज बाहेर पडतं, त्यामुळे पाळी न येताच दिवस जाऊ शकतात. हे तिला वेळेवर कोणी सांगायला हवं होतं.

पण त्या काळात ती माझ्याकडे नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी माहेरी जाते आणि लेकरू दोन-तीन महिन्यांचं झालं की परत येते. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत दवाखान्यात तांबी बसवता येते, सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेता येतं, छाया गोळी तर बाळंतपणानंतर लगेच सुरू करता येते, दुधाला काही होत नाही. हा सगळा काळ पोरगी माहेरी काढते. माझ्या वहीत तिच्या नावापुढे 'माहेरी गेली' एवढंच लिहिलेलं असतं. तिथल्या आशाताईच्या वहीत ती पाहुणी असते. तिथे नवरा जवळ नसतो, म्हणून कोणाला घाई वाटत नाही. आई म्हणते, सासरी गेल्यावर बघतील. सासरी आल्यावर सासू म्हणते, आत्ताच तर आली. दोन गावं, दोन वह्या, आणि मधे एक बाळंतीण. मला विचाराल तर आमच्या भागात लवकर राहणाऱ्या दुसऱ्या गर्भाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि ते कोणत्याच फॉर्मवर विचारलं जात नाही.

बायकांना सगळ्यात जास्त पटतं ते अंतरा इंजेक्शन. 2017 पासून ते सरकारी दवाखान्यांत मिळायला लागलं. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं, घरात काही ठेवावं लागत नाही, नवऱ्याला कळत नाही. पहिला डोस डॉक्टरांनी तपासून द्यायचा, पुढचे सिस्टर देऊ शकतात. मी सांगते की टोचलेल्या जागी चोळायचं नाही, शेकायचं नाही, आणि हे कार्ड जपून ठेवायचं. पण कार्ड घरी ठेवायची सोय किती जणींना असते? काही जणींची कार्डं माझ्या कपाटात आहेत, एका जुन्या साडीच्या खोक्यात, तारखेप्रमाणे लावलेली.

आता तारीख. जवळ जायकवाडीचं धरण असूनही आपल्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, हे मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. ज्या दिवशी पाणी त्या दिवशी घरातली बाई हलू शकत नाही. ड्रम, हंडे, बादल्या भरायच्या, धुणं उरकायचं. इंजेक्शनची तारीख आणि पाण्याचा दिवस एकत्र आला की इंजेक्शन मागे पडतं. कंपनीत जाणाऱ्या बाईचं वेगळं. दवाखाना सकाळी, कामही सकाळी. एक खाडा पडला की रोज गेला, दोन पडले की ठेकेदार दुसरीला घेतो. त्यातून ती आली आणि नेमकं त्या दिवशी इंजेक्शन संपलेलं असलं, किंवा डॉक्टर मीटिंगला गेलेले असले, की पुन्हा ती येत नाही. पाळी सुरू असतानाच ये, असं सांगूनही बायकांना परत पाठवलं जातं. खरं तर किटवर तपासून दिवस गेलेले नाहीत याची खात्री करता येते आणि त्याच दिवशी डोस देता येतो. डोसाला उशीर झाला तरी चार आठवड्यांपर्यंत देता येतो, हेही पुष्कळ बायकांना ठाऊक नसतं. तारीख गेली म्हणजे सगळं वाया गेलं असं समजून त्या घरीच बसतात. म्हणून मी कार्डावर तारखेच्या खाली पेनाने आणखी एक तारीख लिहून देते, या दिवसापर्यंत चालतं म्हणून.

आणि मग त्रास. अंतरा घेतल्यावर पहिले काही महिने पाळीचा ताळमेळ राहत नाही. थोडं थोडं अंगावरून जात राहतं, पुढे पुष्कळ जणींची पाळी बंदच होते. दोन्ही गोष्टी धोक्याच्या नाहीत, इंजेक्शन सोडल्यावर पाळी परत येते, आणि लेकरू हवं असेल तर शेवटच्या डोसानंतर साधारण सात ते दहा महिन्यांत दिवस जाऊ शकतात. हे मी सांगते, त्या ऐकतात. पण घर काही माझं ऐकून चालत नाही. गावठाणातल्या एका घरात अजून पाळीच्या बाईने देवघराकडे जायचं नाही, पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. सुनेला अंतरा घेतल्यावर पंधरा दिवस थोडं थोडं जात राहिलं. सासू म्हणाली, "किती दिवस बसणार बाजूला? घरचं काम कोणी करायचं? काय केलंस ते सांग." सुनेने सांगितलं. पुढचा डोस झाला नाही. दुसऱ्या एकीची पाळी बंद झाली, तर शेजारणी म्हणाल्या की घाण रक्त आत साठतंय, पिशवीला गाठ होईल. ती इतकी घाबरली की खाजगी दवाखान्यात सोनोग्राफीवर पैसे घालवून आली. रिपोर्ट चांगला होता. तरी इंजेक्शन सोडलं.

या बायकांना अडाणी म्हणायला लोकांना वेळ लागत नाही. मला ते सहन होत नाही. मराठवाड्यात पिशवीची भीती उगीच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, ते 2019 मध्ये सरकारी समितीनेच मोजलं. ऐंशी हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. माझ्या खोल्यांमधल्या कितीतरी जणींच्या आया, मावश्या, जावा त्याच गावांतल्या आहेत. डॉक्टरने पिशवीचं नाव काढलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. या भीतीला उत्तर द्यायचं तर शांतपणे, बसून द्यावं लागतं, आणि त्यासाठी दवाखान्यात कोणाला वेळ नसतो.

लपवून वापरणाऱ्या बायकांची हिंमत मला फार मोठी वाटते. छाया गोळीचं असं आहे की पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची, पुढे आठवड्यातून एकदा. ही गोळी लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेली, आपल्या देशाची आहे, आणि तिच्यात हार्मोन नाहीत. एक बाई ती ज्वारीच्या डब्यात कपड्याच्या पुरचुंडीत ठेवायची. कॅलेंडरवर खूण केली तर नवरा विचारेल, म्हणून तिने सोमवार आणि गुरुवार धरले. दोन्ही दिवशी तिचा उपवास. फराळाच्या आधी गोळी. तीन महिन्यांनी गुरुवारची गोळी बंद, सोमवारची चालू. एकही चुकवली नाही. दोन लेकरांत तिने साडेतीन वर्षांचं अंतर ठेवलं. नवऱ्याला वाटतं देवाची कृपा.

नवऱ्यांबद्दल लिहायला हवं. ते वाईट असतात असं मी म्हणत नाही. बाळंतपणात बायकोसाठी रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसणारे मी पाहिले आहेत. पण नसबंदीचं नाव काढलं की तोच माणूस उठून जातो. "आम्हाला कंपनीत वजन उचलावं लागतं ताई, कमजोरी आली तर खाणार काय?" बिनटाक्याच्या नसबंदीला चिरावं लागत नाही, टाका पडत नाही, जागेपुरती भूल देतात, पंधरा-वीस मिनिटांत होते आणि त्याच दिवशी माणूस घरी जातो. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड काम नको. पुढचे तीन महिने मात्र निरोध वापरावा लागतो, मग तपासणी. बाईचं पोट उघडण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे. तरी बाईच जाते, आणि टाके पडलेल्या पोटानिशी परत येऊन पाण्याचे हंडे उचलते.

यामागे जुनी जखमही आहे. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात देशभरात 82 लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांत 60 लाखांहून जास्त पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालं नाही. गावठाणातले म्हातारे अजून सांगतात की तेव्हा माणसं शेतात लपून बसायची. त्यानंतर सरकारने पुरुषांचा नाद जवळजवळ सोडला आणि सगळा भार बायकांवर टाकला. 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली आणि 13 जणी गेल्या, तोही याच वाटेवरचा परिणाम. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं बंद करायला सांगितलं.

नवऱ्याची सही हा आणखी एक अडसर. सरकारी नियमाप्रमाणे ऑपरेशनला बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. तरी विचारतात. "मालकाला घेऊन ये" म्हणतात. उद्या भांडण झालं तर दवाखान्यात येऊन गोंधळ घालतील, ही भीती. तांबीलासुद्धा विचारतात. ज्या बाईने धाडस करून एकटीने यायचं ठरवलेलं असतं, तिला या एका वाक्याने परत घरात ढकललं जातं.

सगळ्यात अवघड वाटतं ते लहान पोरींचं. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. परभणी, बीडमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर. त्यांतल्या काही पोरी लग्न होऊन आमच्या खोल्यांत येतात. आधार कार्डावर वय सतरा. खरं तर सगळ्यांत आधी हिलाच साधन मिळायला हवं. पण दवाखान्यात वय कळलं तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून घरचे तिला दवाखान्याच्या दारात उभं करत नाहीत. बालविवाह थांबला पाहिजे, यात मला शंका नाही. कायदा पोरीच्या रक्षणासाठी आहे, हेही मी मानते. पण आज जी पोर त्या खोलीत आहे, ती कायद्याला घाबरून लपते आणि दिवस गेले की पाचव्या महिन्यापर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. तिच्याशी बोलायला मला शब्द सापडतात, तिला न्यायला जागा सापडत नाही.

2022 च्या मार्चमध्ये बुलढाणा जिल्ह्यात आशाताईंना कुटुंब नियोजनाच्या पेटीत पुरुषाच्या लिंगाची रबरी प्रतिकृती दिली म्हणून मोठा गदारोळ झाला होता. टीव्हीवर दोन दिवस तेच. त्या बहिणींचा संकोच मला पूर्ण कळतो. गावात त्यांना तोंड दाखवायचं असतं. पण निरोध कसा चढवायचा हे दाखवल्याशिवाय कळत नाही, हेही खरं आहे. जिथे नवरे निरोध फाटला म्हणून सांगतात, तिथे तो नीट कसा वापरायचा हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. हे दाखवायला घरोघर बाई का पाठवायची? कंपनीच्या गेटवर, जेवणाच्या सुट्टीत, पुरुष आरोग्य कर्मचाऱ्याने पुरुषांना दाखवावं. आमच्या एमआयडीसीत हजारो तरुण पुरुष एका जागी सापडतात. त्यांच्यापर्यंत जायचं सोडून सगळे माझ्याकडे बघतात.

या कामाची लाज वाटते का, असं मला माझ्याच नात्यातल्या एकीने विचारलं. मी तिला सांगितलं की र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्यांची नोकरी गेली, त्यांच्यावर खटले झाले, आणि 1934 मध्ये त्यांचा खटला बाबासाहेबांनी चालवला. 1938 मध्ये बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो पडला. आमच्या शहरात जयंतीच्या व्याख्यानात मी हे ऐकलं तेव्हा मला माझी पिशवी हलकी वाटली होती.

आम्ही काही आशाताईंनी मिळून वरिष्ठांकडे एक अर्ज दिला आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी केंद्र संध्याकाळी आठपर्यंत उघडं ठेवावं, डॉक्टर आणि सिस्टर दोघंही असावेत. बाजाराला बाई एकटी निघते, पिशवी घेऊन, कोणाला विचारावं लागत नाही, आणि कंपनीतून सुटलेलीलाही जमतं. एक पडदा लावलेली खोली नुसती बोलण्यासाठी द्यावी. माहेरी जाणाऱ्या गरोदर बाईशी सातव्या महिन्याच्या आधीच बाळंतपणानंतरच्या साधनाबद्दल बोलावं, आणि तिला काय हवं ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावं, म्हणजे कुठल्याही गावात बाळंतपण झालं तरी तिथल्या सिस्टरला दिसेल. अर्जावर पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे. तोवर कार्डावर लिहायचं काम मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे, लाल पेनाने, लसींच्या रकान्याखालच्या मोकळ्या जागेत.